तंबू, सोबती आणि धबधबे : तुमचा निवांत दिवस सांगा

पाऊस लागला की ‘एका दिवसात सगळे धबधबे’ छाप सहलींच्या जाहिराती सुरू होतात. इथे ते नको. सोबत एकच मित्र किंवा मैत्रीण, मुक्कामाला तंबू आणि कुठेही वेळेत पोचायचं नाही, असा दिवस लिहा. महिना आणि पाणी किती होतं, तेही सांगा. सुरुवात मीच करते.

भंडारदरा, जुलै

जलाशयाकाठी तंबू होता. रात्रभर पावसाने ताडपत्री बडवली, झोप यथातथाच. सकाळी मैत्रिणीने फर्मान काढलं, “भूक लागेल तेव्हा जेवायचं, बाकी काही ठरवायचं नाही.” रतनवाडीच्या रस्त्याला लागलो. इथल्या कित्येक धबधब्यांची नावं विचारायच्या भानगडीत पडू नका. डोंगरावरून जिथे तिथे पाणी उतरत असतं. खाचरांत आवणी चाललेली. अमृतेश्वराच्या देवळात कोरीव खांबांपाशी ओलेत्यानेच बसून राहिलो, कुणीच ‘चला’ म्हणेना.

अंब्रेला फॉल बघायचा होता. पण १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणातून पाणी सोडलं, तरच तो खडकावरून छत्रीसारखा पसरतो. चहावाल्या मावशींनी आधीच सांगितलं, “पाणी नाय सोडलं अजून, नुसता खडक दिसंल.” मग दुसरा चहा घेतला. दुपार कलताना रंधा धबधबा. प्रवरा तिथे सुमारे १७० फूट खाली कोसळते. कठड्याशी एकमेकींचं बोलणं ऐकू येईना, त्यामुळे आमची नेहमीची वादावादीही बंद.

आंबोली, जून अखेर

माझा मित्र बेडूकवेडा. मुख्य धबधब्यावर शनिवारची गर्दी, स्पीकर, भज्यांचा धूर. त्याने गाडीतून उतरायलाच नकार दिला. नांगरतास बरा वाटला, चिंचोळ्या घळीत दणाणत पडतो. पण त्याचा खरा दिवस अंधार पडल्यावर सुरू झाला. पाण्यावर झुकलेल्या फांदीला मलबार उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं होतं. पिल्लं बाहेर पडली की थेट खालच्या पाण्यात! तंबू आम्ही होमस्टेच्या व्हरांड्यात लावला. हसा खुशाल, आंबोलीच्या पावसात उघड्यावर झोपून दाखवा.

नाणेघाट, ऑगस्ट

उलट्या धबधब्यासाठी नुसता पाऊस पुरत नाही, कोकणातून वर चढणारा वारा लागतो. सकाळी वारा पडलेला, पाणी निमूट खाली. मित्र म्हणाला, “थांबू, घाई काय आहे?” सातवाहनांच्या गुहेतला ब्राह्मी लेख बघितला, जकातीचा रांजण बघितला, डबा संपवला. दुपारी वारा सुटला आणि कड्यावरून गेलेलं पाणी परत आमच्याच तोंडावर!

नेत्रावळी, गोवा, जानेवारी

सगळे पावसाळ्याचेच भक्त दिसता. सावरीचा धबधबा जानेवारीत बघा. धार बारीक, पण खालच्या डोहाचं पाणी नितळ असतं. अभयारण्य असल्याने तंबू बाहेर, ओळखीच्यांच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत. मैत्रीण पाण्यात पाय सोडून पुस्तक वाचत होती, मी खडकावर झोपलो. जुलैत असं बसता येतं का सांगा.

प्रतिसाद

नेत्रावळीवाले, पटलं. पण जळवा न लागता धबधबा बघितला, तर घरी सांगायचं काय? आणि भंडारदरावाल्या ताई, सप्टेंबरात काठावर तंबू लावू देतात का? आईला घेऊन जायचंय, तिला चढ नको.