रूप पाहून ठरलेली जागा: तुमचा अनुभव लिहा

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचं स्थळ मोडलं. मुलगी एमएस्सी झालेली, डिचोलीत शिकवते. मध्यस्थ बाई फोनवर म्हणाल्या, "चली बरी, पूण काळी." म्हणजे मुलगी चांगली, पण काळी. फोन स्पीकरवर होता आणि भाची तिथेच भाजी निवडत बसली होती. तेव्हापासून मनातून जात नाही. रंग, बांधा, केस बघून बाईने घरात, कामावर, देवळात कुठे उभं राहायचं हे लोक ठरवून टाकतात. तुमच्या बाबतीत काय झालं? स्वतःचं किंवा डोळ्यांदेखत घडलेलं लिहा. परदेशात राहिलेल्यांनी तर नक्की लिहा. नाव नको असेल तर गाव पुरे.

कळंगुट
हॉटेलात सहा वर्षं काढली. मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि कामापुरती रशियन येते. रिसेप्शनची जागा दोनदा रिकामी झाली. दोन्ही वेळा मॅनेजर म्हणाले, "काउंटरवर जरा उजळ मुलगी बरी दिसते." मी तळमजल्यावर बुकिंगच्या खोलीत. रशियन पाहुण्यांचं काही अडलं की मला वर बोलवायचे, काम झालं की परत खाली. एका सीझनला हट्टाने फाउंडेशन लावून गेले. दुपारपर्यंत घामाने पांढऱ्या कॉलरवर पिवळट पट्टा उमटला, मान एका रंगाची आणि तोंड दुसऱ्या. बाथरूममधल्या हात धुण्याच्या साबणाने चेहरा खसाखसा धुतला. पुन्हा कधी लावलं नाही. वर बसणाऱ्या मुलीला माझ्यापेक्षा चार हजार जास्त होते.

साळगाव
माझं उलटं झालं. मी गोरी, म्हणून "एअर होस्टेस हो" हे ऐकतच वाढले. केमिस्ट्री घेतली तर काका म्हणाले, "एवढ्या रूपाची पोर लॅबमध्ये कशाला?" आमच्याकडे रीता फारियांचं नाव फार अभिमानाने घेतात: मूळ गोव्याच्या, 1966 सालच्या मिस वर्ल्ड, आशियातल्या पहिल्या. त्या तेव्हा मुंबईत डॉक्टरकी शिकत होत्या आणि मुकुटाचं वर्ष संपल्यावर सिनेमाकडे न वळता डॉक्टरच झाल्या, हे मात्र घरात कुणी सांगितलं नाही. मला ते बारावीनंतर कळलं. काकांना तेव्हाच सांगता आलं असतं.

दोहा, मूळची फोंड्याची
इथे नर्स आहे. माझ्या खोलीत पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाची एक सहकारी होती. तिकडे मुलीचं लग्न जमावं म्हणून तिला लहानपणीच जबरदस्तीने खाऊ घालून लठ्ठ करायची चाल आहे, त्याला लब्लूह म्हणतात. दूध आणि कुसकुसचे (रव्यासारखा धान्याचा पदार्थ) वाडगेच्या वाडगे. नको म्हटलं तर बोटं पिळायची. लठ्ठ बायको म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी, बाईला काम करायची गरज नाही, असा हिशेब. तिची आजी अशी वाढली होती. चालताना धाप लागायची, त्यामुळे तंबूबाहेर क्वचितच पडायची. आणि मला? लग्नाआधी आईने सहा महिने रात्रीचा भात बंद केला होता. हे तिला सांगितलं तेव्हा ती खूप वेळ माझा हात धरून बसली. तिच्याकडे भरवून, आमच्याकडे उपाशी ठेवून, कारण दोन्हीकडे एकच: स्थळ. तिची बदली झाली, पण दर शुक्रवारी फोन असतो.

म्हार्दोळ परिसर
आई विधवा झाली तेव्हा मी नऊ वर्षांची. ती देवळाबाहेर आबोली आणि जायांच्या फाती, म्हणजे गजरे, विकायची. केळीच्या सोपटाचा ओला धागा, दोन-दोन देठ, बोटाने एक वेढा, पुन्हा दोन देठ. बोटांकडे न बघता गिऱ्हाइकाशी बोलत करायची. दिवसाला पन्नास-साठ बायकांचे केस सजायचे तिच्या हातून. स्वतःच्या केसांत एक पाकळी नाही. कुणी बंदी घातली होती असं नाही, तिनेच घालून घेतली होती. हळदीकुंकवाला बोलावणं येत नसे. फुलं मात्र तिच्याकडूनच जायची.

गेल्या चवथीला माझ्या मुलीने तिला पाटावर बसवलं आणि अंबाड्यावर फाती माळली. मी स्वयंपाकघरात होते, मध्ये बोलले नाही. आई उठून आरशाकडे गेली नाही. नुसता हात मागे नेऊन चाचपला आणि नातीला विचारलं, "सुटणार नाही ना गो?"