'घरची मंडळी' ग्रुप: वेक्सफर्डचा फ्ला, नाना आणि पुढच्या वर्षीचं बेलफास्ट

काका (कुडाळ): नाना सुखरूप घरी पोचले. मोपा विमानतळावरून मीच घेऊन आलो. आंघोळ झाल्यावर चहासुद्धा न घेता पहिली पेटी काढली. चवथ पाच दिवसांवर आली, माटवी बांधायची आहे, आणि हे कसलीशी परकी चाल शोधत बसलेत. एकच ओळ, पन्नास वेळा.

आत्या (ठाणे): पोचले ना, बरं झालं. ताई, फोटो बघितले गं. पावसात उभी माणसं, हातात वाद्यं. आपल्या नानाचं वय पंचाहत्तर. एवढ्या लांब नेऊन आठवडाभर तिथे बसवावं असं काय आहे त्यात? टोचून नाही विचारत, मला समजून घ्यायचंय.

ताई (डब्लिन): आत्या, लांबच लिहिते, सवडीने वाच.

स्पेलिंग काहीही असलं तरी म्हणायचं 'फ्ला ख्योल'. फ्ला म्हणजे उत्सव, ख्योल म्हणजे संगीताचा. आयर्लंडमध्ये दर ऑगस्टमध्ये भरतो, पण गाव कायमचं ठरलेलं नसतं. एनिस, द्रोहेडा, मलिंगार अशी गावं होऊन गेली. यंदा, २०२५ ला, ३ ते १० ऑगस्ट वेक्सफर्डला होता, सलग दुसरं वर्ष. डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून गाडीने अडीच तास. गाडी बराच वेळ समुद्राच्या कडेने जाते आणि वेक्सफर्डमध्ये तर थेट धक्क्यावरून, एका बाजूला होड्या, दुसऱ्या बाजूला दुकानं. नाना तिथेच म्हणाले, "हे वेंगुर्ल्यासारखं आहे."

स्पर्धा असतात. आधी काउंटी म्हणजे जिल्हा, मग प्रांत, मग ऑल आयर्लंड. बारा वर्षांखालची मुलं, मग बारा ते पंधरा, पंधरा ते अठरा, मग मोठे. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, टिन व्हिसल, हार्प, बँजो, कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरायची छोटी पेटी, प्रत्येकाची वेगळी. आपली चिमी यंदा काउंटीतच बाहेर पडली, हे तुला माहीत आहे. दोन दिवस रडली होती. म्हणून तिला तिथे न्यावं की नको, हाच आमच्या घरी प्रश्न होता. नानांनी सांगितलं, "न्या. गाणं ऐकायला जायचं, नंबर आणायला नव्हे."

भाऊजी: आत्या, थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय कळणार नाही. १९३५ साली इथे कायदा झाला की परवान्याशिवाय सार्वजनिक नाच करायचा नाही. त्याआधी खेड्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात लोक जमायचे, एक फिडल, एक बासरी, आणि रात्रभर नाच. कायद्याचा बडगा त्या घरगुती नाचांवरही आला. त्यात गावंच्या गावं बोटीने इंग्लंड-अमेरिकेला चालली होती. १९५० च्या सुमारास जुन्या वादकांना वाटत होतं, हे आपल्याबरोबर संपणार. तेव्हा १९५१ मध्ये मलिंगारला काही वादक एकत्र आले, कोल्तस नावाची संस्था काढली आणि त्याच वर्षी पहिला फ्ला भरवला. आज आठवड्याभरात लाखोंनी माणसं येतात.

अजून एक. या सुरावटींचा त्या काळचा सगळ्यात मोठा छापील संग्रह आयर्लंडमध्ये तयार झाला नाही, तो शिकागोत झाला. फ्रान्सिस ओनील नावाचा कॉर्कचा माणूस तिथे पोलीसप्रमुख होता. शिकागोत येऊन राहिलेल्या आयरिश लोकांकडून ऐकून ऐकून त्याने चाली जमवल्या आणि १९०३ साली १८५० चालींचं पुस्तक छापलं.

नाना: हे ऐकल्यावर मी जावईबापूंना म्हटलं, यात मला नवल नाही. गाव रिकामा झाला तेव्हा आमचं भजन लालबाग-परळच्या चाळींतल्या चाकरमान्यांनी राखलं. गिरणीची पाळी संपवून यायचे आणि पखवाज काढायचे. गणपतीला तेच गावी येऊन आम्हा पोरांना शिकवायचे. मी असाच शिकलो.

काका (कुडाळ): नानांनू, थंयसर जेवाक काय गावला? श्रावण होतो ना.

नाना: रिसोल. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात कांदा आणि हिरवा पाला घालतात, वरून पावाचा चुरा, आणि तळतात. वेक्सफर्डची खासियत. आपला वडाच, फक्त मिरची नाही. तळणीच्या तेलात मासे नाहीत ना, एवढं ताई विचारून घ्यायची. आणि रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी, खूप गोड.

बाळू (पुणे): ताई, पुढच्या वर्षी आम्ही चौघं येतोय, नक्की. आमचा सोन्या तीन वर्षं तबला शिकतोय. मला वेळापत्रक पाठव ना, कुठल्या दिवशी कुठलं स्टेज, म्हणजे आत्तापासून आखून ठेवतो.

ताई (डब्लिन): बाळू, तू आखणार ते चुकणार. आम्हीही पहिल्या दिवशी तसंच केलं. मोठ्या स्टेजसमोर तास-दोन तास उभे राहिलो, छान होतं, पण नाना गप्प. दुसऱ्या दिवशी पावसामुळे एका पबमध्ये शिरलो आणि तिथे सेशन चाललं होतं. आठवडा तिथून सुरू झाला.

सेशन म्हणजे कोपऱ्यात सात-आठ खुर्च्या गोल मांडलेल्या. माइक नाही, स्टेज नाही, तिकीट नाही. वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात, लोकांकडे नाही. कुणीतरी एक चाल सुरू करतो, माहीत असलेले उचलतात, माहीत नसलेले वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. चाल तीनदा वाजते आणि मग न थांबता दुसरी सुरू. कुणी सांगत नाही, फक्त मान वर होते. नाना माझ्या कानात म्हणाले, "बघ, बुवाने नजर दिली." पुढचे अडीच तास खुर्ची सोडली नाही त्यांनी. चहावर चहा.

नाना: डफासारखं चामड्याचं वाद्य असतं, बाउरान म्हणतात. बकऱ्याचं चामडं. एका हातात छोटी दांडी, दोन्ही टोकांनी वाजवतात. मजा डाव्या हाताची आहे. तो आतून चामड्याला लागलेला असतो, दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. डग्ग्यावर मनगट सरकवतो तसंच. वाजवणाऱ्याने ओल्या बोटांनी चामडं भिजवलं तेव्हा मला आपली कणीक आठवली. आम्ही पखवाजाच्या डाव्या पुडीला लावतो ती.

आणि पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप. तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी. एक सूर सतत धरलेला, तंबोऱ्यासारखा, त्यावर चाल. मी डोळे मिटले होते.

आत्या (ठाणे): नाना, तुम्ही बाउरान वाजवलात का मग?

नाना: नाही. एक वाजवणारा बसलेला असताना दुसऱ्याने हात घालायचा नाही. आपल्या भजनात दोन पखवाज एकदम वाजले तर काय होईल? त्यांचंही तसंच आहे. मला कुणी सांगावं लागलं नाही.

बाळू (पुणे): आणि चिमी?

ताई (डब्लिन): ती सकाळी वर्गाला जायची, स्कोल एगशा म्हणतात. फ्लाच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार असतो. समोर कागद नाही. बाई चार मात्रांचा तुकडा वाजवतात, मुलं तो परत वाजवतात, मग पुढचा. तिच्या कॉन्सर्टिनाची गंमत ही की तेच बटण दाबलेलं असताना भाता ओढला तर एक सूर आणि दाबला तर दुसरा. नानांनी हातात घेतलं आणि पंधरा मिनिटं पेटीच्या सवयीने चुकत राहिले. चिमी त्यांना शिकवत होती, न रागावता. घरी माझ्यावर रागावते.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सेशनला ती कॉन्सर्टिना मिटून मांडीवर घेऊन बसली. तीन तास. तिला येतात त्यातल्या दोनच चाली लागल्या. दुसरी लागली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या फिडलवाल्याने आपली खुर्ची मागे ओढली आणि तिची आत घेतली, वाजवता वाजवता, पायाने. ती बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते तिचे. स्पर्धेचं नाव तिने त्यानंतर काढलेलं नाही. आत्या, मी तुला काय समजावू? माझ्या मुलीला डब्लिनमध्ये दहा वर्षांत कुणी अशी खुर्ची आत ओढून घेतलेली मी पाहिली नव्हती.

आत्या (ठाणे): वाचतेय गं. थांब, डोळे पुसते.

भाऊजी: नानांनी स्वतःचं सांगितलं नाही अजून.

नाना: त्यात काय सांगायचं.

भाऊजी: मी सांगतो. शुक्रवारी गाण्याची बैठक होती. तिथे शॅन-नोस म्हणजे जुन्या ढंगाचं गाणं, साथ नाही, एकटा गळा, बहुतेक आयरिश भाषेत. गायलेला माणूस पुढच्याला बोलावतो, अशी रीत आहे. एका बाईंनी नानांकडे बोट केलं. आधी कुठून आलात विचारलं, मी म्हटलं, तुमचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यात, तिथून आमचं जवळच. सगळे हसून माना हलवू लागले. नानांनी घसा साफ केला आणि अभंग धरला. ठेका नाही, टाळ नाही. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या आजींनी नानांचा हात हातात घेतला आणि लयीबरोबर हळूहळू फिरवत राहिल्या. गाणाऱ्याचा हात असा धरतात तिथे, ही जुनी पद्धत. खोलीत ग्लास ठेवल्याचा आवाजसुद्धा नव्हता.

नाना: दोनच कडवी म्हटली. दम पुरत नाही आता. पण हात धरल्यावर सूर हलला नाही, हे खरं.

काका (कुडाळ): घरी आल्यावर ह्यातला एक शब्द बोलले नाहीत!

बाळू (पुणे): आता तर यायचंच. काय काय करायचं सांगा.

भाऊजी: २०२६ चा बेलफास्टला आहे, म्हणजे देश बदलतो, ते युनायटेड किंगडम. डब्लिनहून रेल्वे दोन तासांच्या आसपास, सीमेवर सहसा कुणी थांबवत नाही, पण कागद लागतातच. तुम्ही भारतातून आयर्लंडचा व्हिजिट व्हिसा काढाल त्यावर 'बीआयव्हीएस' असा शेरा आहे का बघा. तो असला तर त्याच व्हिसावर बेलफास्ट चालतं, मात्र आधी डब्लिनला उतरायचं. नानांच्या व्हिसावर तो होता. आम्हा दोघांचे भारतीय पासपोर्ट, त्यामुळे इथलं रहिवासी कार्ड असूनही यूकेचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. चिमीचा आयरिश, तिला काही नको. पैसे पौंडात.

ताई (डब्लिन): राहायचं आत्ताच बघ. आमची वेक्सफर्डमधली खोली जानेवारीत घेतलेली, घरमालकाने जुलैत रद्द केली आणि तीच तिप्पट भावाने परत लावलेली दिसली. शेवटी २०-२५ किलोमीटरवर एनिस्कॉर्थीला राहिलो, रोज शेवटच्या गाडीची धावपळ. म्हातारं माणूस बरोबर असताना ते फार जड जातं. आणि मुलांसाठी दुपारची सेशन्स धर, बेलफास्टला रात्री नऊनंतर मुलांना सहसा पबमध्ये थांबता येत नाही. सोन्याचा तबला आणू नकोस पहिल्या वर्षी. त्याला बसून ऐकू दे.

आत्या (ठाणे): बाळू, माझा पासपोर्ट अजून चार वर्षं आहे.

बाळू (पुणे): पाच जण धरतो मग आत्या.

नाना: चिमे, पहिला भाग पेटीवर बसला. दुसऱ्या भागात तू वर जाऊन लगेच खाली येतेस तिथे माझं बोट अडतं. तेवढंच वाजवून पाठव. हळू वाजव.

ताई (डब्लिन): चिमी लिहितेय: आजोबा, शाळेतून आले की पाठवते. दोनदा वाजवते, एकदा खूप हळू.