चर्चा : लोककलेसाठी ऑनलाइन लिलाव, पण देणगी नक्की कोणाची?

माडबाग :
सिंधुदुर्गात मुलांसाठी दशावतार, चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि बालनाट्याचे वर्ग चालवायचे म्हणून आमच्याकडच्या एका ट्रस्टने ऑनलाइन लिलाव ठरवलाय. यादी व्हॉट्सॅपवर फिरतेय. चित्रकथीची काही चित्रं, सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे खेळायच्या गोल पत्त्यांचा, एक संच, एका वयस्क दशावतारी नटाचा मुकुट, दोन निसर्गचित्रं, आणि मालिकेतल्या एका नटासोबत झूमवर अर्धा तास गप्पा. बोली मुंबई-पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत कुठूनही लावा. हेतूबद्दल वाद नाही.

माझा आक्षेप यादीच्या तळाच्या ओळीला आहे : 'सर्व वस्तू कलाकारांनी विनामूल्य दिल्या आहेत.' म्हणजे ज्यांच्या कलेला हातभार लावायचा त्यांच्याच घरातून माल उचलायचा, तो विकायचा, आणि वर त्यांच्याच कलेला मदत केली म्हणून फोटो काढायचे. दशावतारी गंजिफांचा संच म्हणजे १२० पानं. दहा अवतार, प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, सगळी गोल, सगळी हाताने रंगवलेली. ती रंगवणाऱ्या बाईची मजुरी कोण देणार? बोली जिंकणारा म्हणेल, मी पैसे मोजले. मोजले खरे, पण ट्रस्टला.

वस्तू आधी कलाकाराकडून त्याच्या किमतीला विकत घ्या, मग लिलावात ठेवा. वर सुटेल ते वर्गांना. एवढंच म्हणणं आहे.

पेटीवाला :
आमच्या ट्रस्टकडे विकत घ्यायला पैसे असते तर लिलाव कशाला केला असता? वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरलात का कधी? लोक दाराच्या फटीतून बघतात आणि 'मालक घरी नाहीत' सांगतात, मालक स्वतःच. तोच माणूस लिलावात तीन हजारांची बोली लावतो, दुसऱ्याने साडेतीन केले की चार करतो. चढाओढ लागली की हात सैल सुटतो. नुसत्या आवाहनाने हे होत नाही. आणि कलाकारांनी राजीखुशीने दिलंय. त्यांच्या वतीने तुम्ही का रडताय?

माडबाग :
राजीखुशीचं म्हणाल तर, गावातल्या ट्रस्टचे अध्यक्ष घरी येऊन चहा पिऊन मागतात तेव्हा 'नाही' म्हणायची सोय किती जणांना असते?

कुंचला :
मी चित्रकार आहे, त्या यादीतली नाही, पण अशा बऱ्याच याद्यांत असते. दोघांनाही बोलायचंय.

पेटीवाला, 'राजीखुशीने' हा शब्द जरा जपून. वर्षभर कोणी ना कोणी मागतच असतं. शाळा, पूरग्रस्त, कुणाचं ऑपरेशन. वकिलाला कोणी 'एक केस फुकट द्या, लिलावात ठेवतो' म्हणत नाही. आणि खरं नुकसान वेगळंच आहे. एका लिलावात माझं चित्र ठेवलं होतं. दोनच बोल्या आल्या, नेहमीच्या किमतीच्या निम्म्यालाही गेलं नाही. ते आकडे पानावर तसेच राहिले. पुढे एक गिऱ्हाईक घरी आलं, मी किंमत सांगितली, तर त्यांनी फोन काढून त्या पानाचा स्क्रीनशॉट माझ्यासमोर धरला. 'इथे तर एवढ्याला गेलंय.' धर्मादाय होतं हे त्या चित्रात कुठे दिसतं?

माडबाग, तुम्हीही आम्हाला गरीब बिचारे करू नका. मी कधी कधी आनंदाने देते आणि पुढेही देईन. मला फक्त दोन गोष्टी हव्यात : किमान किंमत मी ठरवणार, आणि तिच्याखाली बोली राहिली तर चित्र परत माझ्या भिंतीवर.

हिशोबनीस :
यादीत 'देणगीवर ८०जी ची सवलत' असंही छापलंय म्हणून लिहितो. ८०जी ही आयकरातली सवलत फक्त पैशांच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. म्हणजे ज्या कलाकाराने चित्र दिलं त्याला शून्य सवलत. रोख दिली तर २,००० रुपयांपर्यंतच चालते. नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०जी नाहीच. आणि बोली जिंकणाऱ्याने पैसे देऊन वस्तू घेतली, म्हणजे त्याने खरेदी केली. त्याला सरसकट पूर्ण रकमेची देणगी-पावती फाडली, तर उद्या प्रश्न विचारले जातील ते ट्रस्टलाच. ती ओळ आजच्या आज काढा.

परदेशातल्या बोल्यांचंही बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी गणली जात नाही. पण अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेल्या माणसाची देणगी गणली जाते, मग तो मूळचा कुडाळचा का असेना. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. सावंतवाडीच्या शाखेत नाही.

न्यूजर्सीकर :
आमच्याकडेही गंमतच आहे. इथे लिलावात वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त जेवढे मोजाल, तेवढीच देणगी धरतात. आणि चित्रकाराने स्वतःचं चित्र दान केलं तर रंग आणि कॅनव्हास यांचाच खर्च वजा होतो. तेच चित्र विकत घेतलेल्या संग्राहकाने काही वर्षांनी संग्रहालयाला दिलं, तर तो बाजारभावाने वजावट घेऊ शकतो. १९६९ पासून हे असंच चाललंय. म्हणजे माडबाग यांचा मुद्दा नुसत्या कोकणातल्या ट्रस्टपुरता नाही.

तरीही मी लिलावाच्या बाजूने. आम्ही इथून जत्रेला येऊ शकत नाही. दशावतार संपतानाचा पहाटेचा दहीकाला बघून किती वर्षं झाली. लिलावाच्या निमित्ताने मुलाने विचारलं, दशावतारातला संकासुर कोण? अर्धा तास सांगत बसलो. नुसता देणगीचा क्यूआर कोड पाठवला असता तर त्याने मान वर केली नसती.

तात्या खोत :
लिलाव करा नायतर आणि काय करा, पण पोरांका शिकवणाऱ्या मास्तराक महिन्याक काय देतलास ता आदी सांगा.

पेटीवाला :
तात्यांनू, ता ठरतला पैसे जमल्यावर.

तात्या खोत :
म्हणजे आदी वरात, मगे नवरो.

पेडणेकर :
आमच्या गोव्यात देवळात पावणी होते. देवीला नेसवलेली साडी, नारळ, फळं. लिलावच तो. पण वस्तू देवाला आलेली असते, ती द्यायला कोणाच्या पोटाला चिमटा बसलेला नसतो. आणि पावणी लागते ती सगळ्या गावासमोर. हजाराचा नारळ कोणी नारळासाठी घेत नाही, शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी घेतो. ऑनलाइन लिलावात तुम्ही 'बोलीदार क्र. १७'. कोण बघतंय? म्हणून तिथे लोक स्वस्तात काय सुटतं तेच शोधतात. कुंचलाताईंच्या चित्राचं झालं ते त्यामुळेच. नावं लावा बोल्यांना, मग बघा.

पेटीवाला :
नावं लावली की निम्मे लोक पळतील. आणि देवाचंच उदाहरण कशाला, पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा २०१९ पासून ऑनलाइन लिलाव होतोय, पैसे नमामि गंगेला जातात. तिथे कोणी आक्षेप घेत नाही.

माडबाग :
कारण त्या भेटी आधीच मिळालेल्या होत्या. लिलावासाठी म्हणून कोणा कारागिराच्या दारात कोणी गेलं नव्हतं. तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत.

आता मुकुटाकडे येतो, कारण खरा राग मला त्याचा आहे. दशावतारी नट आपली रंगरंगोटी आपणच करतो. आरसा मांडीवर घेऊन तासभर बसतो, शेवटी मुकुट चढवतो आणि मग संहिता हातात नसताना रात्रभर पदरचं बोलतो. ते मुलांना शिकवायचंय ना? मग डोक्यावर मुकुट आला की मान कशी धरायची, वळताना तोल कसा सांभाळायचा, हे कशावर शिकवणार? ज्या वर्गाला मुकुट लागणार आहे त्या वर्गासाठी आपण मुकुट विकतोय! तो पुण्याच्या कोणाच्या तरी दिवाणखान्यात स्पॉटलाइटखाली बसेल. मुकुट यादीतून काढा आणि वर्गाला द्या.

पेटीवाला :
मुकुटाचं पटलं. उद्या बोलतो.

बाकीचं नाही पटलं. तुम्हाला कामाचा अंदाज नाही. प्रत्येक वस्तूचे चार फोटो, मापं, वजन, पोस्टाचा अंदाज. गंजिफा अमेरिकेला पाठवायच्या तर पॅकिंग वेगळं. पैसे घेणाऱ्या अॅपचं कमिशन वेगळं. जिंकून पैसे न भरणारे महाभाग असतातच. शेवटच्या दहा सेकंदात बोली टाकून पळणारे असतात, म्हणून शेवटी बोली आली की वेळ काही मिनिटं वाढवावी लागते. हे सगळं दोन-तीन माणसं नोकरी सांभाळून फुकट करतायत. त्यांनाही जरा दान धरा.

रेवती :
माझा दोघांशी मतभेद. वस्तू विकण्यापेक्षा कला विका. 'दशावताराची एक रात्र' लिलावात ठेवा. पुण्या-मुंबईतलं एखादं मंडळ किंवा सोसायटी बोली लावेल. दशावतारी कंपनीची नेहमीची नाईट (एका प्रयोगाचे पैसे), टेम्पोचं भाडं, जेवण हे आधी बाजूला काढा. त्याच्या वर जे येईल ते वर्गाचं. कलाकाराला काम मिळालं, वर्गाला पैसे, आणि घरातली वस्तूही गेली नाही. चित्रकथीचंही तसंच. चित्रकथीचे कलाकार परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असा खेळ जिथे अजून बघायला मिळतो तिथे 'चार कुटुंबांसाठी एक संध्याकाळ' ठेवा, मानधन देऊन. मी स्वतः बोली लावेन.

पेटीवाला :
कार्तिकापासून जत्रांच्या तारखा लागलेल्या असतात. कंपनी रिकामी असते ती पावसाळ्यात.

रेवती :
मग पावसाळ्यात ठेवा, सभागृहात. श्रावणात शहरातल्या मंडळांना कार्यक्रम हवेच असतात.

पेडणेकर :
सभागृहात रात्री दहाला बंद करायला लावतात. सुरुवातीचा आडदशावतार संपेतो रखवालदार शिट्टी मारेल.

कुंचला :
रेवतींची सूचना चांगली आहे. पण चित्रं विकूच नका असं नको. एक सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३अ कलम आहे : मूळ चित्र १०,००० रुपयांवर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो. कागदावर. माझ्या ओळखीत तो कोणाच्या हातात पडलेला मी पाहिला नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले, २०१५ साली मुंबईत त्यांचं एक चित्र २९ कोटींवर गेलं. आमच्यासारख्यांना पहिल्या विक्रीतच काय ते मिळतं, आणि तुम्ही तीच फुकट मागताय. निम्मं-निम्मं करा. बोलीच्या निम्मे चित्रकाराला, निम्मे वर्गाला, आणि हे पानावर ठळक लिहा. घेणाऱ्यालाही कळू दे.

हिशोबनीस :
निम्मं-निम्मं हिशोबालाही सरळ. चित्रकाराची ती विक्री, ट्रस्टची ती देणगी. दोन कागद, दोन आकडे.

न्यूजर्सीकर :
निम्मं चित्रकाराला जाणार म्हटल्यावर इकडचे लोक बोली कमी लावतील असं वाटतं. 'सगळे पैसे मुलांना' या वाक्यावर खिसा उघडतो.

माडबाग :
उघडत असेल. पण ते वाक्य खरं करण्यासाठी जी बाई फुकट बसून १२० पानं रंगवते तिचीही मुलंच आहेत. तिची मुलं त्या वर्गात फी भरून बसणार का?

पेटीवाला :
वर्गांना फी नाही. निदान एवढं तरी वाचून बोला.

निम्म्याचा प्रस्ताव रविवारच्या बैठकीत ठेवतो. किमान किंमत कलाकाराने ठरवायची, हेही. ८०जी ची ओळ काढली आहे, परदेशी बोल्या तूर्त थांबवल्यात. न्यूजर्सीकर, माफ करा, तुम्ही भारतीय पासपोर्टवाले असाल तर कळवा. गंजिफा मात्र फुकटच आलेल्या आहेत आणि त्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, दिलं ते दिलं.

माडबाग :
समोर तुम्ही उभे असताना विचारलंत ना?

तात्या खोत :
मास्तराचा अजून कोणी सांगूक नाय.