सोडियम कमी-जास्त होतं तेव्हा : खानदेशातल्या घरांचे अनुभव

दर उन्हाळ्यात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, ओळखीतल्या कुणाच्या तरी घरून निरोप येतो : 'आजीला ॲडमिट केलंय, सोडियम कमी झालंय.' ऐकणारा लगेच म्हणतो, मग द्या की थोडं मीठ-पाणी! प्रकरण किती अवघड असतं ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांनाच ठाऊक. म्हणून हा धागा. पेशंटच्या उशाशी रात्री काढलेल्यांनी लिहावं, वॉर्डात काम करणाऱ्यांनी तर नक्कीच लिहावं. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं नकोत. काय दिसलं, काय कळलं, कशाचा उपयोग झाला, तेवढं पुरे. सुरुवात मी करते.

जळगाव, धागा काढणारी

रक्तातलं सोडियम एका लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान असावं लागतं. माझ्या सासूबाईंचं ११२ निघालं.

बीपीची गोळी बरीच वर्षं चालू होती, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. पथ्य म्हणून जेवण जवळजवळ अळणी. त्यात मे महिना, पारा ४५ ला टेकलेला, आणि उलट्या सुरू झाल्या. आधी नुसत्या गळून गेल्या. मग एका सकाळी मी चहा नेला तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तू कोन शे वं?" हातात बशी होती, पण चहा ओतला पदरावर. चटका बसला तरी हात मागे घेतला नाही. घरात कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी लागलंय. माझी नणंद मात्र हटून बसली, की काल रात्रीपर्यंत हिशेबाने बोलणारी बाई सकाळी अशी होत नाही. तिच्यामुळे आम्ही गाडी काढली.

आयसीयूत तीन टक्के मिठाचं, म्हणजे नेहमीपेक्षा खारट सलाईन मशिनवर थेंबाथेंबाने चालू केलं. थोरले दीर वैतागले, "एवढं कमी आहे, तर एकदम का नाही चढवत?" डॉक्टरांनी बाहेर येऊन नीट समजावलं. सोडियम सावकाश उतरतं तेव्हा मेंदूच्या पेशी आपल्यातले क्षार बाहेर टाकून जुळवून घेतात. रक्तातलं सोडियम झपाट्याने चढवलं, तर त्या पेशींना सावरायला वेळ मिळत नाही आणि मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होतं. बोलणं जातं, गिळणं जातं, हातपाय जातात. तेही लगेच नाही, काही दिवसांनी, पेशंट सुधारला असं वाटत असताना. म्हणून चोवीस तासांत आठाच्या आसपासच वाढू द्यायचं. त्यानंतर दिरांनी घाई केली नाही. दर काही तासांनी रक्त घ्यायचे, तेव्हा आकडा विचारायला पहिले तेच जायचे.

धुळे, स्टाफ नर्स

ताई, तुमच्या नणंदबाईंना माझा नमस्कार सांगा.

सोडियम कमी म्हणजे दरवेळी मीठ कमी पडलंय असं नसतं. पुष्कळदा अंगात पाणी जास्त झालेलं असतं. न्यूमोनिया, टीबी, मेंदूला मार, फिटची किंवा मानसिक आजाराची काही औषधं, अशा कारणांनी शरीर लघवीतून पाणी सोडेनासं होतं. या पेशंटला दिवसभराचं पाणी मोजून द्यावं लागतं, चहा-दूधसुद्धा त्यातच धरायचं. आणि आपल्याकडची माणसं प्रेमळ. रात्री आम्ही पाठ फिरवली की शहाळं, लिंबूपाणी, ग्लुकोजचं पाणी, सगळं सुरू. मला त्यांचा राग येत नाही. एवढ्या उन्हाळ्यात आईचे ओठ सुकलेले बघवत नाहीत कुणालाच. मी ओला गॉज ओठांवर फिरवते, चूळ भरायला देते, आणि पाण्याची बाटली नातेवाइकांच्याच हातात देऊन सांगते की हा उद्या सकाळपर्यंतचा कोटा.

दुसरं म्हणजे लघवीची पिशवी. ती एकाएकी भराभर भरायला लागली, आतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ दिसलं, की मी ताबडतोब डॉक्टरांना फोन लावते. अडलेलं पाणी सुटलेलं असतं आणि सोडियम आता आपोआप वर पळणार असतं. नातेवाईक मात्र खूश होतात, "सिस्टर, लघवी मोकळी झाली, बरं झालं ना!" तेव्हा त्यांना हे समजावून सांगायला पाच मिनिटं गेली तरी चालतील, पण सांगावंच. नंतर तेच लोक आम्हाला येऊन सांगतात की पिशवी भरली.

रावेर, केळी उत्पादक

आमचं उलटं झालं. वडिलांना अर्धांगवायू, नाकातून नळी, घरी आणलेलं. नळीतून दूध, पावडर, मुगाचं पाणी, सगळं वेळच्या वेळी. वरून ताप आला. ते सुस्त पडले, हाक मारली तर डोळे उघडेनात. तपासलं तर सोडियम १५८.

तहान लागली तर तुम्ही-आम्ही उठून माठाकडे जातो. वडिलांना तहान लागत असणार, पण सांगता येत नव्हतं. ताप आणि उकाड्याने पाणी उडून गेलं आणि अन्न घट्ट. डॉक्टरांनी नळीतून साधं पाणी मोजून ठरावीक वेळेला द्यायला लावलं, आणि तेही म्हणाले की उतरवायचं ते हळूहळूच. आता भिंतीवर कागद लावलाय. पाणी दिलं की आई वेळ लिहिते. घरी नळीचा पेशंट असेल तर ताप आल्या दिवशी डॉक्टरांना विचारा, पाणी किती वाढवू.

धडगाव, आशा ताई

लहान लेकरांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पावसाळ्यात आमच्या पाड्यांवर जुलाब फार. एका घरी ओआरएसचं मोठं पाकीट एका पेल्यात कालवून बाळाला पाजत होते, जास्त ताकद येईल म्हणून. बाळ किंचाळल्यासारखं रडत होतं, मधेच हात झटकत होतं. मी गाडी बोलावून त्यांना खाली दवाखान्यात पाठवलं. सोडियम १६० च्या वर होतं. बाळ वाचलं, आता अंगणात पळतं.

मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. तेव्हा त्यात सोडियम ७५ राहतं. दोनशे मिलीच्या पेल्यात कालवलं तर ३७५ होतं, आणि शिरेतून देतात त्या साध्या सलाईनमध्येसुद्धा १५४ च असतं. दोनशे मिलीची छोटी पाकिटंही येतात, म्हणून लोकांचा घोटाळा होतो. मी घरोघर लिटरची बाटली घेऊन जाते आणि त्यांच्याच हातून कालवून घेते. तोंडी सांगून ध्यानात राहत नाही.

भुसावळ

थोडक्यात लिहितो. बाबा निवृत्त झाल्यावर उदास राहायचे, म्हणून एस्सिटॅलोप्राम सुरू झालं. काही आठवड्यांत तोल जायला लागला, बाथरूममध्ये पडले. सोडियम १२१. औषध बदललं, आकडा सावरला. उदासीचा उपचार थांबवला नाही, तोही तितकाच गरजेचा आहे. म्हाताऱ्या माणसाला हे औषध सुरू झालं, तर थोड्या दिवसांनी सोडियम बघायचं का, एवढं डॉक्टरांना विचारावं.

अमळनेर, पॅथॉलॉजी लॅब

रिपोर्टवर नुसतं सोडियम वाचून घाबरू नका, शेजारी साखर किती तेही बघा. साखर शंभराच्या वर प्रत्येक शंभरामागे सोडियम सुमारे दीडने खाली दिसतं. साखर ६०० आणि सोडियम १२८ असेल, तर साखर उतरल्यावर तेच १३५ च्या घरात येतं.

आणि एक विनंती. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं तर आकडा फसवा येतो. आमची मुलं दुसरा हात मागतात तेव्हा 'उगाच टोचता' म्हणून रागावू नका.

चोपडा, निवृत्त शिक्षक

पत्नीला सोडियम उतरल्यामुळे दोनदा ॲडमिट करावं लागलं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली, ठणठणीत झाली. नंतर परगावी लग्नाला गेलो, तिथे बीपी वाढलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळी दिली. नाव वेगळं, कंपनी वेगळी, आतलं औषध मात्र तेच, लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. त्यांना आधीची हकिगत कळायला काही मार्ग नव्हता. पुन्हा मळमळ, पुन्हा "माले घर जानं शे" असं घरात बसूनच म्हणणं. आकडा ११८.

या वेळी डिस्चार्जच्या कागदावर मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : थायझाइड गटाची गोळी देऊ नये, सोडियम उतरतं. हे औषध दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतं, अशा जोडगोळ्यांच्या नावापुढे पुष्कळदा 'एच' किंवा 'सीटी' अशी अक्षरं असतात. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइडनेही असं होऊ शकतं. ज्यांना मानवतात त्यांच्यासाठी या चांगल्या गोळ्या आहेत, कुणी परस्पर बंद करू नयेत. त्या कागदाची झेरॉक्स तिच्या पर्समध्ये, एक मुलाकडे सुरतला, एक आमच्या मेडिकलवाल्याकडे. त्याने ती काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे.