अनुभव लिहा : त्या वेळी तुम्ही काय केलंत?

शाळेत असताना मी सहा वर्षं कराटे शिकले. ब्राउन बेल्टपर्यंत पोचले, कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकटीने करून दाखवण्यात, जिल्ह्याची पदकंही आणली. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास स्टेशनच्या पुलावर, गर्दीत, मागच्या माणसाने हात लावला. चुकून लागला नव्हता. मी वळून बघितलं, त्यानेही माझ्याकडे बघितलं. माझ्या एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्यात डब्याची पिशवी. सहा वर्षांतला एकही ठोसा आठवला नाही. ते एक वेळ समजू शकते, पण तोंडातून साधा ‘ए’सुद्धा फुटला नाही. घसा आतून कुणी आवळून धरल्यासारखा. तो पायऱ्या उतरून दिसेनासा झाला तरी मी कठडा धरून तिथेच उभी होते.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आपण हात चालवायला शिकतो, पण आवाज काढायला कुठे शिकतो?

म्हणून विचारते आहे. स्वसंरक्षण शिकला असाल तर नेमकं काय उपयोगी पडलं, आणि शिकला नसाल तर वेळेला काय सुचलं? फसलेले प्रसंगही लिहा, मला तेच जास्त वाचायचे आहेत. एक विनंती आहे: ‘तू त्या वेळी तिथे काय करत होतीस’ हा प्रश्न इथे कुणीही कुणाला विचारू नये.

डोंबिवली, एकवीस वर्षं लोकलने

ताई, माझा आवाजही पहिल्यांदा दुसरीनेच काढला. रात्री साडेदहाची गाडी, लेडीज डब्यात आम्ही तिघी. गाडी सुटता सुटता एक माणूस चढला आणि दारातच उभा राहिला. आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडे बघतोय. कोपऱ्यात रिकाम्या टोपल्या घेऊन एक मावशी बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरूनच ओरडल्या, “ए निळ्या शर्टवाल्या! बायकांचा डबा आहे, पुढच्या स्टेशनला उतर!” निळा शर्ट म्हटल्याबरोबर तो चपापला. आपल्याला कुणी नीट बघून ठेवलंय हे त्याला कळलं. पुढच्या स्टेशनला मुकाट उतरला.

मी ते तिथूनच उचललं. ‘अहो’ नाही, ‘प्लीज’ नाही. कपड्याचा रंग, काय करतोय ते आणि काय करायचं ते. “लाल टीशर्ट, हात काढ!” यात आजूबाजूच्यांनाही कळतं की भांडण कोणाशी चाललंय. रात्री पोलीस बसलेला डबा बघूनच मी चढते, मग त्यासाठी दोन डबे चालावं लागलं तरी. हल्ली बऱ्याच लेडीज डब्यांत टॉकबॅकचं बटण असतं, ते दाबून गार्डशी बोलता येतं. रेल्वेची मदत १३९ वर.

कोल्हापूर, ज्युदो शिकवतो

पोरी येतात आणि पहिल्याच दिवशी म्हणतात, सर, एका फटक्यात आडवा कसा करायचा ते शिकवा. मी पहिला महिनाभर पडायलाच शिकवतो. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, आणि जमीन लागताना हाताची अख्खी आतली बाजू, पंजापासून कोपरापर्यंत, मॅटवर फटकन आपटायची. पडताना आपण नैसर्गिकपणे तळवा टेकवायला जातो आणि तिथंच मनगट मोडतं. माझ्याकडे मुलीला सोडायला येणाऱ्या एक बाई बाकावर बसून बसून कंटाळल्या आणि शेवटी स्वतःच मॅटवर उतरल्या. वय वर्षं चोपन्न. वर्षभरानं घरी ओल्या फरशीवर पाय सरकला. पाठीला मुका मार लागला, पण डोकं आपटलं नाही. त्यांनी मला फोन करून सांगितलं, “सर, हनुवटी आपोआप आत गेली.” आयुष्यात गुंड भेटेल न भेटेल, ओली फरशी सगळ्यांना भेटते.

आता मनगट धरल्यावर काय करायचं ते. धरणाऱ्याची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला असतो. जिथं अंगठा आणि बोटं भेटतात तिथं पकड कच्ची. आपलं मनगट फिरवून त्याची अरुंद कड त्या फटीसमोर आणायची, आणि हात मागं ओढायचा नाही. कोपर त्याच्याच दिशेनं पुढं न्यायचं, म्हणजे हात फटीतून सुटतो. मागं ओढाल तर ताकदीला ताकद लागते आणि त्यात तोच जिंकतो. सुटलं की पळायचं. तिथं थांबून हिशेब चुकता करायचा नाही.

आणि ताईंना सांगायचं म्हणजे, काता हवेत होतो. समोर धरणारा माणूसच नसतो. दम लागलेला असताना, कुणीतरी खरोखर घट्ट धरलेलं असताना, शेकडो वेळा केलं असेल तेवढंच वेळेला येतं. सहा वर्षं वाया गेली असं समजू नका, फक्त हा भाग राहून गेला.

पुणे, रात्रपाळी

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? रात्री पावणेदोनला कॅबमधून उतरून गल्लीत शिरलो, तर गाडीवरून दोघे आडवे आले. मागच्याच्या हातात कोयता. मी फोन दिला, पाकीट दिलं, दोन पावलं मागे सरलो. ते गेले.

मित्र म्हणाले, अरे रोज जिमला जातोस, एकाला तरी लोळवायचास. माझं आजही तेच म्हणणं आहे की मी बरोबर वागलो. कोयत्यासमोर जिम चालत नाही. फोन हप्त्यावर परत मिळतो.

त्रास पुढे झाला. पहिल्या चौकीवर सांगितलं, ही हद्द आमची नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीने शोधून काढलं: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे शब्द उच्चारल्यावर नोंद झाली. ती प्रत जोडून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक केला. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, लागतो. आत्ताच *#०६# दाबून तो कागदावर लिहून ठेवा, कारण फोन गेल्यावर तो कुठे बघणार?

सांगली

मी बासष्ट वर्षांची. सकाळी फिरायला डाव्या बाजूने जात असे. मागून गाडी आली आणि मंगळसूत्र ओढलं. अर्धं माझ्या हातात राहिलं, मानेवर काळानिळा वळ पंधरा दिवस होता. गेलेल्या सोन्यापेक्षा पाठीमागून गाडीचा आवाज आला की काळीज धडधडायचं, तेच जास्त दिवस टिकलं. आता मी रस्त्याच्या उजव्या कडेने चालते, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. गळ्यात काळी पोत, ती पदराच्या आत. आणि आम्ही चौघीजणी मिळून जातो.

नागपूर, सात वर्षांच्या मुलीची आई

आमच्या घरात एक परवलीचा शब्द आहे. शाळेतून न्यायला आई-बाबा-आजी सोडून कुणीही आलं तर लेकीने तो विचारायचा. मागच्या वर्षी ऐनवेळी मी नवऱ्याच्या मित्राला पाठवलं आणि शब्द सांगायला विसरले. तिने ओळखीच्या काकालाही नाही म्हटलं आणि बाईंजवळ जाऊन उभी राहिली. काका पाऊण तास ताटकळले, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

याची सुरुवात शब्दापासून नव्हती, हे मुद्दाम सांगते. आमच्याकडे पाहुणे आले की ‘जा, मामाला पापी दे’ म्हणायची पद्धत होती. ती आधी बंद केली. सासूबाईंना पटायला वेळ लागला. पण घरातल्या माणसाला ‘नको’ म्हणायची मुभा नसलेलं मूल बाहेरच्याला कुठून म्हणणार? १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबरही तिला पाठ आहे.

छत्रपती संभाजीनगर, वकिली

‘मारलं तर आपल्यावरच केस होईल’ ही भीती मी पक्षकारांकडून रोज ऐकते. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ (पूर्वीच्या दंड संहितेत ९६ ते १०६) खाजगी बचावाचा हक्क देतात, स्वतःच्या शरीराच्या आणि दुसऱ्याच्याही. मर्यादा कलम ३७ मध्ये आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांचं संरक्षण मागण्याइतका वेळ हातात असेल तर हा हक्क नाही. तो पळत सुटल्यावर मागे धावून मारणं बचावात बसत नाही. कोल्हापूरच्या सरांनी सांगितलं ते कायद्यालाही धरूनच आहे.

लंडन

इथे यायच्या आधी मावशीने पर्समध्ये पेपर स्प्रे घालून दिला होता. नशीब, निघायच्या आधी एका मैत्रिणीने सावध केलं: ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याखाली तो प्रतिबंधित हत्यारांत मोडतो. नुसता जवळ असणं हाच गुन्हा. आता किल्ल्यांना पिन ओढल्यावर किंचाळणारा अलार्म लावलेला असतो.

पण मी लिहायला बसले ते मूळ प्रश्नामुळे. इथे मोबाइलवरून ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावला आणि बोलता येत नसेल, तर सूचना ऐकून ५५ दाबायचं. मग फोन पोलिसांकडे जोडला जातो. एवढी मोठी यंत्रणा हे धरूनच चालते की संकटात माणसाचा आवाज जाऊ शकतो. तुमचा गेला यात तुमचं काही चुकलं नाही.

नाशिक, वसतिगृहात राहते

आपल्याकडे ११२ आहे. माझ्या फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा भराभर दाबलं की तो लागतो आणि घरी माझं ठिकाण जातं. सेटिंगमध्ये आधी चालू करावं लागतं. आम्ही खोलीतल्या चौघींनी एकाच रात्री बसून केलं.

ठाणे, धागा काढणारी

सगळं वाचलं, काही दोनदा. लंडनचं वाचून रडले, खरं सांगते.

गेले पाच रविवार इमारतीच्या गच्चीवर आम्ही आठजणी जमतो. मी मनगट सोडवणं शिकवते, कुणीतरी खरोखर घट्ट धरून. पण आधी वीस मिनिटं फक्त ओरडणं. एकीने अंगावर चालत यायचं, दुसरीने पाय रोवून, दोन्ही तळवे पुढे धरून “मागे हो!” म्हणायचं. पहिल्या रविवारी सगळ्यांचा आवाज खोकल्यासारखा आला, माझाही. दोघी तर म्हणाल्या, “मागे व्हा ना.” तिसऱ्या रविवारी तो पोटातून यायला लागला. काल माझी पाळी होती. ओरडले आणि दुसऱ्याच मिनिटाला खालून वॉचमनकाका चार मजले धावत वर आले, हातात काठी, धाप लागलेली. “काय झालं, ताई? कोण आहे?”