विरोध अभयारण्याला की न विचारता आखलेल्या हद्दीला?

मालवणच्या मच्छीमारांना संवर्धन कळत नाही म्हणून ते सागरी अभयारण्याला विरोध करतात, हे मत मला अजिबात पटलं नाही. १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ज्यांचं पोट त्याच पाण्यावर, त्यांना धास्ती वाटणारच.

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मासेमारी करणारे ढिवर बांधव जुन्या मालगुजारी तलावांत (मालगुजारांच्या काळात बांधलेल्या) कंबरभर पाण्यात उतरून बेशरम हे माजणारं तण मुळासकट उपटतात, गाळात देशी पाणवनस्पती लावतात. तिथेच मासोळी अंडी घालते, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, जंगल ग्रामसभाच सांभाळते. मालवणातही रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांना, आधी विचारा, मासेमारी कुठे नि कधी बंद ठेवायची ते. यांत्रिक ट्रॉलर मात्र आधी आवरा.