फुफ्फुसाच्या गाठीचा अहवाल: आधी एक नाव, मग दुसरे, पुन्हा बायोप्सी करावी का?

शाहूपुरीकर:
माझ्या काकांच्या फुफ्फुसातील गाठीची सुईने बायोप्सी कोल्हापुरातच झाली. पहिल्या अहवालात 'नॉन-स्मॉल सेल कार्सिनोमा' (स्मॉल सेल सोडून फुफ्फुसाच्या बाकी कर्करोगांचा गट) एवढेच होते. पुरवणी अहवालात मात्र 'ॲडेनोकार्सिनोमाकडे कल, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह' असे आले आहे. काकांनी कधी विडी ओढलेली नाही, मात्र गुऱ्हाळाच्या चुलवाणावर बरीच वर्षे काम केले आहे. 'कल' म्हणजे निदान कच्चे समजून पुन्हा बायोप्सी करावी काय?

पेशीदर्शी:
निदान कच्चे नाही. ते ज्या पुराव्यावर उभे आहे तेवढेच बोलते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींनी ग्रंथींसारख्या पोकळ्या केलेल्या किंवा आत श्लेष्म धरलेला दिसला, तर ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग, असे थेट लिहिता येते. केराटिनचे गोल थर किंवा पेशींना जोडणारे बारीक पूल दिसले, तर स्क्वेमस, म्हणजे चपट्या पेशींचा कर्करोग. स्मॉल सेलच्या पेशी लहान, जवळजवळ पेशीद्रव्यहीन असतात आणि त्यांची केंद्रके एकमेकांवर दाबली जाऊन वाकडीतिकडी होतात. सुईच्या धाग्याएवढ्या तुकड्यात यांपैकी काहीच स्पष्ट नसते, तेव्हा विशेष रंजन, म्हणजे पेशींतील ठरावीक प्रथिने दाखवणारी रंगतपासणी, करावे लागते. टीटीएफ-१ आणि पी४० ही अशीच प्रथिने; पहिले सहसा ॲडेनोकार्सिनोमात, तर दुसरे स्क्वेमसमध्ये दिसते. म्हणून त्यांचा आपण दिलेला निकाल ॲडेनोकार्सिनोमाकडे बोट दाखवतो. पण रचना डोळ्यांना दिसलेली नसल्यामुळे 'कल' हा शब्द लिहायचा, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ आणि २०२१ च्या वर्गीकरणांचा दंडक आहे. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. चुलवाणाच्या धुराने रोग झाला की नाही, हे मात्र स्लाइड सांगू शकत नाही.

राजारामपुरीचा वाचक:
मग 'लार्ज सेल' का लिहिले नाही? आमच्या ओळखीतील एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात तसे होते.

पेशीदर्शी:
कारण ते नाव वगळत वगळत दिले जाते. संपूर्ण काढलेली गाठ तपासून, रंजनानंतरही कोणत्याच बाजूचे लक्षण मिळाले नाही, तरच ते वापरतात. लहान बायोप्सीवर ते देऊच नये, असा संकेत आहे. पूर्वी स्मॉल सेल नाही एवढे कळले की भागत असे. आता पेमेट्रेक्सेड हे औषध स्क्वेमस प्रकारात उपयोगी पडत नाही आणि बेव्हासिझुमॅब या दुसऱ्या औषधाने त्याच प्रकारात जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून नावातला फरक थेट औषधापर्यंत पोहोचतो.

शाहूपुरीकर, पुन्हा सुई घालण्याआधी मेणाच्या ब्लॉकमध्ये (बायोप्सीचा तुकडा जपून ठेवलेला ठोकळा) ऊती किती शिल्लक आहे, हे प्रयोगशाळेला विचारा. ईजीएफआर, एएलके आणि आरओएस१ या जनुकांतील बदलांच्या, औषध ठरवणाऱ्या तपासण्या त्याच ब्लॉकवर करायच्या असतात. अनावश्यक रंजनांत ती ऊती संपली, तरच दुसऱ्या बायोप्सीची वेळ येते. उपचार दुसऱ्या गावी घ्यायचे ठरले, तर स्लाइडसोबत ब्लॉकही घेऊन जा, नुसता अहवाल नको.

शाहूपुरीकर:
आभारी आहे. ब्लॉक अजून प्रयोगशाळेतच आहे. उद्या सकाळी विचारून येतो.